मागील पानावरून पुढे

बँकेत कारकून म्हणून चोवीस वर्षं काढल्यावर माणसाच्या लेखी ‘कलम’ या शब्दाचे दोनच अर्थ उरतात. एक म्हणजे लेखणी, जी हल्ली काउंटरला दोरीनं बांधलेली असते आणि दोरी शाबूत राहून लेखणी गेलेली असते. दुसरा अर्थ म्हणजे कलम 138. चेक वटला नाही की ज्याच्या नावानं नोटीस जाते ते. कायदा 1881 चा, पण त्यात हे कलम लागू झालं 1989 च्या एक एप्रिलला. तारीख निवडणाऱ्याला विनोदबुद्धी असावी.

तिसराही एक अर्थ आहे, आणि तो मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, सात काड्या, एक डालड्याचा गंजका डबा आणि एक द्राक्ष बागायतदार यांनी मिळून शिकवला.

झालं असं की पाचगणीच्या अक्काचं बिऱ्हाड मोडायचं ठरलं. भाऊजी तिथं शाळेत शिक्षक होते. ते निवृत्त झाले, घर भाड्याचं, मालकाला ते पाडायचं होतं. मुलगा पुण्याला चौथ्या मजल्यावर राहतो, तेव्हा दोघांनी तिकडे जायचं. सामान बांधायला म्हणून मी विंचूरहून गेलो. भांडी बांधून झाली, गाद्या बांधून झाल्या, आणि अक्का मोरीच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिली ती हलेचना. तिथं हायड्रेंजियाचं झुडूप होतं. पुरुषभर उंच. फुलकोबीच्या गड्ड्याएवढे निळे गुच्छ.

‘‘हे कसं बांधायचं?’’ अक्का म्हणाली.

हे झुडूप आमच्या आईनं लावलेलं. 1990 साली ती अक्काच्या बाळंतपणाला पाचगणीला गेली होती. शेजारच्या बंगल्याच्या माळ्यानं कुंपण छाटून काड्या रस्त्यावर टाकल्या होत्या. आईला फुकट पडलेली वस्तू बघवत नसे. तिनं चार काड्या उचलल्या आणि मोरीचं पाणी जिथून वाहत जायचं तिथं खोचून दिल्या. नातवाला दात येईपर्यंत काड्यांना पानं आली. पुढे दोनदा तिनं त्याच झाडाची काडी विंचूरला आणून डालड्याच्या डब्यात लावली. दोन्हीदा ती मे महिन्यात वाळली. ‘‘आपल्या मातीत नाही यायचं ते,’’ असं म्हणून तिनं डबा मागल्या अंगणात ठेवून दिला. आई जाऊन आता अकरा वर्षं झाली. डबा आहे.

अक्कानं सात काड्या कापल्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, वर प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि माझ्या हातात दिल्या. पाचगणी ते पुणे, पुणे ते नाशिक, नाशिक ते विंचूर असा एसटीचा प्रवास मी ते बाळंतविड्याचं गाठोडं मांडीवर घेऊन केला. नाशिकच्या स्टँडवर एका बाईनं विचारलं, ‘‘अळू का?’’

आता विंचूरबद्दल दोन शब्द. आमचं गाव निफाड तालुक्यातलं. इतिहासात ते सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकरांमुळे आहे. हे पानिपतावर लढले आणि जिवंत परत आले. 1761 साली या दोन गोष्टी एकाच माणसानं करणं ही सोपी बाब नव्हती. भूगोलात ते कांद्यामुळे आहे आणि गेल्या वीसेक वर्षांत वायनरींमुळे. 2001 साली सरकारनं द्राक्षांपासून वाइन करण्याचं धोरण आणलं आणि आमच्या शिवारात खास त्यासाठी औद्योगिक क्षेत्र झालं. जमीन काळी, चुनखडीची. बोअरचं पाणी बादलीत दोन दिवस राहिलं तर बादलीला पांढरी किनार येते. हायड्रेंजियाला लागते थंड, ओलसर हवा आणि आंबट माती. म्हणजे मी उंटाच्या गावात बदक आणलं होतं.

शास्त्र असं की काडी कोवळी आणि फूल न आलेली घ्यावी, चार ते सहा इंचांची, डोळ्याच्या, म्हणजे जिथून पानं फुटतात त्या पेराच्या, किंचित खाली कापावी. खालची पानं काढावीत. वरची दोन ठेवून तीही अर्धी कापावीत, कारण मुळं नसताना मोठं पान बाळगणं म्हणजे पगार नसताना मोटार बाळगणं. पान पाणी उडवत राहतं आणि काडी कर्जबाजारी होऊन मरते. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी नीटनेटकेपणा म्हणून सातांपैकी तीन काड्यांची सगळीच पानं काढून टाकली आणि त्या आईच्या डालड्याच्या डब्यात लावल्या. बाकीच्या चार कुंड्यांत. मग सल्ले आले. आमच्या सौं.नी मध लावायला सांगितलं. शेजारच्या काकूंनी दालचिनीची पूड. हेडकॅशियरनी काडी बटाट्यात खुपसायला सांगितली. आमच्याच शाखेतल्या लासलगावच्या शिपायाला बटाट्याचं नाव सहन झालं नाही, तो म्हणाला कांद्यात खुपसा.

पंधरा दिवसांनी डालड्याच्या डब्यातल्या तिन्ही काड्या काळ्या पडल्या. त्या दिवशी अण्णा पीककर्जाच्या नूतनीकरणाचे कागद सही करायला घरी आले होते. (बँकेचं काम घरी करू नये असा नियम आहे. रविवार होता आणि अण्णा घरचे घड घेऊन आले होते. असो.) अण्णांची सहा एकर द्राक्षबाग आहे. त्यांनी डब्याकडे पाहिलं, एक काडी उपटली, डोळ्यांजवळ नेली आणि अतिशय मऊ आवाजात म्हणाले,

‘‘भाऊसाहेब, काड्या उलट्या लावल्या तुम्ही.’’

पान गळून पडलं की देठाचा वण राहतो, आणि डोळा नेहमी त्या वणाच्या वरच्या अंगाला असतो, हे त्यांनी मला दाखवलं. माझ्या काडीत डोळा वणाच्या खाली होता. म्हणजे काडी शीर्षासन करत होती. मला वाटलं, वनस्पतीला काय कळतंय! पण कळतं. फ्योख्टिंग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं विलोच्या डहाळ्या दमट हवेत सरळ आणि उलट्या टांगून पाहिल्या आणि 1878 साली छापून टाकलं की कशीही टांगा, मुळं फुटतात ती डहाळीच्या मूळच्या बुडाकडूनच. मी हाच प्रयोग कोणतंही अनुदान न घेता केला.

अण्णा मग बोलत बसले, आणि कर्जाचे कागद बाजूला राहिले. द्राक्षवाल्याचं सगळं भांडवलच मुळी काडी. बी लावून द्राक्ष करत नाहीत, कारण बी म्हणजे लॉटरी. आईबापांचे गुण पोरात उतरतील याची हमी नाही. काडी लावली की तीच चव, तोच रंग. ही अक्कल जुनी आहे. वराहमिहिरानं सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त झाडांवर एक अख्खा अध्याय लिहिला, त्यात खोडाचा तुकडा लावून वाढवायच्या झाडांची यादी आहे. फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब यांच्या रांगेत द्राक्षही आहे. आणि लावताना काय फासायचं? शेण. मध आणि दालचिनी त्याला सुचली नाही, कारण त्याचे शेजारी वेगळे असावेत.

नाशिककडे खाण्याच्या द्राक्षांची सुरुवात 1925 साली ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी केली. नंतर भोकरी, अनाबेशाही, चिमा साहेबी अशा जाती आल्या-गेल्या, आणि मग आली बिनबियांची थॉम्सन सीडलेस. तिची गोष्ट माझ्यासारख्या सात काड्यावाल्यानं मुद्दाम ऐकावी अशी आहे. विल्यम थॉम्सन हा कॅलिफोर्नियात युबा सिटीजवळ स्थायिक झालेला इंग्रज. 1872 साली त्यानं न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या एका रोपवाटिकेतून तीन काड्या मागवल्या. कॅटलॉगात नाव होतं ‘लेडी डी कॉव्हर्ली’. मूळ जात आपल्या आशियातलीच, इराण-तुर्कस्तानकडची. तीन काड्यांपैकी जगली एक. त्या एकीच्या काड्या थॉम्सननं शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटल्या, शेजाऱ्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना, आणि कॅलिफोर्नियाचा बेदाणा जगभर गेला. बाईचं नाव पडलं मागे आणि थॉम्सनचं लागलं, ही एक आपल्याला परिचित गोष्ट सोडली तर बाकी सगळं थक्क करणारं आहे.

‘‘मग तुमची बाग म्हणजे त्या वेलाची नातवंडं-पणतवंडं?’’ मी विचारलं.

‘‘नातवंडं नव्हे, भाऊसाहेब. तोच वेल.’’

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मला हे पचायला चहाचे दोन कप लागले. मग उजेड पडला. खातेवहीचं पान भरलं की आम्ही खाली बेरीज करून लिहायचो, ‘पुढील पानावर नेले’, आणि नव्या पानाच्या माथ्यावर, ‘मागील पानावरून पुढे’. पान नवं, खातं तेच, शिल्लक तीच. बी हे व्याज, काडी ही मुद्दल. तासगावच्या वसंतराव आर्व्यांना थॉम्सनमध्येच एक वेगळा वेल दिसला, त्याची तास-ए-गणेश झाली. सोलापूरकडच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांना लांब मण्याचा सापडला, त्याची सोनाका झाली. ही फार तर खात्यावरच्या नावातली दुरुस्ती. पण या सगळ्या वेलांची केवायसी करायची ठरवली तर निफाड तालुक्यातले निम्मेअधिक खातेदार एकच निघतील, आणि रिझर्व्ह बँक आम्हाला उभं करील.

गंमत म्हणजे आता हा वेल स्वतःच्या पायांवरही उभा नसतो. जमिनी खारवल्या, पाणी आटलं, तेव्हा बागायतदारांनी टेक्सासच्या जंगली ‘डॉगरिज’चा खुंट लावून त्यावर आपलं कलम बांधायला सुरुवात केली. युरोपानं हे शंभर वर्षं आधी केलं होतं. 1860 नंतर फायलोक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्सच्या बागा मुळापासून खाल्ल्या, तेव्हा त्यांनी अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेल चढवला. म्हणजे आमच्या अण्णांच्या बागेत पाय टेक्सासचे, धड इराणचं, नाव इंग्रजाचं आणि कर्ज आमच्या शाखेचं.

अण्णा गेले. मी मागल्या अंगणात जाऊन उरलेल्या चार काड्यांपुढे उभा राहिलो. आत्तापर्यंत मी त्यांच्याकडे आईच्या झाडाची पोरं म्हणून पाहत होतो. चार गेली तरी पाचवं होईल अशा बेफिकिरीनं. पण हे पोर नव्हतंच. तेच झाड होतं. पाचगणीचं पाडायच्या घराबरोबर जाणार, आणि राहिलं तर इथंच राहणार.

त्या रात्रीपासून मी त्या काड्यांची शिल्लक रोज तपासू लागलो.

आणि या झाडाची पूर्वपीठिकाही. ती काढली तर द्राक्षापेक्षा सुरस निघाली. हायड्रेंजिया मूळचं जपानचं. जपाननं तेव्हा दारं लावून घेतली होती. गोऱ्यांपैकी फक्त डचांना नागासाकीच्या धक्क्याला लागून असलेल्या देजिमा नावाच्या एवढ्याशा बेटावर राहायची मुभा, तीही जवळजवळ नजरकैदेत. 1775 साली तिथं कार्ल थुनबर्ग नावाचा स्वीडिश डॉक्टर आला. त्याला झाडं गोळा करायची होती आणि बाहेर पडायची बंदी. मग तो काय करी? बेटावरच्या गुराढोरांसाठी गावातून जो चारा येई तो उपसून त्यातली झाडं निवडून घेई. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. लेजर सोडून उठता येत नसताना येणाऱ्या कागदांतून जग पाहायचं, हा आमचाच धंदा. 1784 साली त्यानं हायड्रेंजियाचं वर्णन छापलं. पुढे पाच-एक वर्षांत जिवंत झाड चीनमार्गे लंडनच्या क्यू बागेत पोचलं, ते आणवणाऱ्या गृहस्थांचं नाव सर जोसेफ बँक्स. आमच्या व्यवसायाचा या झाडाशी एवढाच अधिकृत संबंध.

त्यानंतर 1823 मध्ये त्याच बेटावर फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड हा जर्मन डॉक्टर आला. नागासाकीच्या ताकी नावाच्या मुलीबरोबर त्यानं संसार थाटला. तिला तो ‘ओताकी-सान’ म्हणे. 1827 मध्ये मुलगी झाली, इने. आणि 1828 साली त्याच्याकडे जपानचे नकाशे सापडले. परक्याला नकाशा देणं हा तिथं भयंकर गुन्हा; देणारा खगोलशास्त्रज्ञ तुरुंगात मेला, आणि सीबोल्डला 1829 अखेर हद्दपार केलं. बायको आणि अडीच वर्षांची मुलगी मागे राहिली. युरोपात जाऊन त्यानं जपानच्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ काढला, त्यात निळ्या हायड्रेंजियाला नाव दिलं ‘हायड्रेंजिया ओताक्सा’. आपल्या माणसाचं नाव शास्त्राच्या वहीत असं गुपचूप जमा केलं. पुढच्या शास्त्रज्ञांनी ही नोंद रद्द केली, कारण थुनबर्गचं नाव आधीचं. माकिनो नावाच्या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाला तर त्या नावाचा रागच आला. पण ‘ओताक्सा’ या नावाचा वाण काड्याकाड्यांनी चालत आजही बागांत आहे. सीबोल्ड तीस वर्षांनी, 1859 मध्ये, परत जपानला जाऊ शकला. इने तोवर मोठी होऊन पाश्चात्त्य पद्धतीची डॉक्टर झाली होती, जपानमधल्या अशा पहिल्या स्त्रियांपैकी एक. हायड्रेंजिया हे आज नागासाकी शहराचं फूल आहे.

ही गोष्ट मी जेवताना सौं.ना सांगितली. त्या म्हणाल्या, ‘‘आणि तुम्ही लग्नात उखाण्यातसुद्धा माझं नाव नीट घेतलं नव्हतंत.’’

इकडे चार काड्यांच्या तीन झाल्या. मग मी डॉक्टर वॉर्डला शरण गेलो. लंडनच्या या डॉक्टरानं 1829 साली एका बंद बाटलीत पतंगाचा कोष ठेवला होता. पतंगाचं राहिलं बाजूला, बाटलीतल्या ओल्या मातीत नेचा उगवून आला. बंद काचेत ओल फिरत राहते हे त्याच्या ध्यानात आलं, त्यानं काचेच्या पेट्या केल्या, आणि त्यांतूनच पुढे रॉबर्ट फॉर्च्यूननं चीनचा चहा हिंदुस्थानात आणला. माझी पेटी म्हणजे सरबताची प्लॅस्टिकची बाटली, बूड कापलेली, काडीवर उपडी. माती काढून टाकली आणि वाळू-कोकोपीट भरलं. कृषी सेवा केंद्रातून मुळं फुटायची पावडर आणली. तिच्यातलं आयबीए नावाचं औषध 1935 सालापासून माहीत आहे, म्हणजे आईच्या वेळीही होतं. तिला कोणी सांगितलं नाही. कुंड्या उत्तरेच्या भिंतीशी, सावलीत. महिन्याभरानं काडी हलकेच ओढून पाहिली. एक हातात आली. दुसरीही. तिसरीनं मला उलट ओढलं.

थॉम्सनचीही एकच जगली होती.

पुढचे दोन उन्हाळे मी त्या कुंडीच्या नोकरीत होतो. हायड्रेंजिया या शब्दाचा ग्रीक अर्थ पाण्याचं भांडं. म्हणे फळाचा आकार घागरीसारखा असतो. मला वाटतं, हे नाव विंचूरला एप्रिलमध्ये त्याला पाणी घालणाऱ्यानं दिलं असावं. दुपारी दोनला पानं अशी मान टाकत की घरात सुतक वाटे, आणि संध्याकाळी सातला पाणी पिऊन ताठ. मुंबईच्या ट्रेनिंगचा आदेश आला तेव्हा साहेबांना मी घरी आजारी माणूस आहे असं सांगितलं. कोण, ते त्यांनी विचारलं नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात गुच्छ आला. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती खरं म्हणजे रंगीत निदलं. दिखाऊ आणि वांझ. खरी कामाची फुलं त्यांच्याआड बारीक, कोणाला न दिसणारी. म्हणूनच बी क्वचित धरतं आणि काडीवाचून गत्यंतर नसतं. आमच्या शाखेची रचनाही साधारण अशीच आहे, पण तो विषय वेगळा.

गुच्छ उमलला तो गुलाबी. चक्क गुलाबी, जत्रेतल्या साखरेच्या कापसासारखा. मला वाटलं, अक्कानं काडी दुसऱ्याच झाडाची दिली. पण नाही. माती आंबट असली की तिच्यातलं ॲल्युमिनियम विरघळून झाडात चढतं आणि फूल निळं होतं. चुनखडीच्या जमिनीत ते अडकून राहतं आणि फूल गुलाबी. शाळेतल्या लिटमसच्या बरोबर उलट. रंगद्रव्य तेच, झाड तेच. पाचगणीची तांबडी माती गेली, विंचूरची काळी आली. तुरटीचं पाणी घालून निळं करता येतं असंही वाचलं. मी न्हाव्याकडून तुरटीचा खडा आणलासुद्धा.

तो खडा अजून फडताळात आहे, कारण श्रावणात अक्का आली. चहासुद्धा न घेता मागल्या अंगणात गेली. मी पाठोपाठ रंगाचा खुलासा घेऊन गेलो. ॲल्युमिनियम, चुनखडी, सगळं. तिनं ऐकलं नाही. गुच्छाखाली तळहात धरून उभी होती, बाळाचं डोकं धरतात तसा. झाड डालड्याच्या डब्यात होतं. कुंडीतून मीच हलवलं होतं, बुडाला खिळ्यानं भोकं पाडून.

‘‘गुलाबी येतं होय आपल्याकडे,’’ ती म्हणाली. ‘‘आईला वाटायचं, येतच नाही.’’

थोड्या वेळानं तिनं पर्स उघडली. आत ओला रुमाल होता आणि घडी घातलेली प्लॅस्टिकची पिशवी. पुण्याहून तयारीनंच आली होती. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत उत्तरेकडून उजेड येतो, हे तिनं आधी पाहून ठेवलं होतं.

मी नवं ब्लेड आणलं. फूल न आलेल्या तीन काड्या, डोळ्याच्या किंचित खाली.

‘‘आणि बूड कुठलं ते लिहून दे,’’ अक्का म्हणाली. ‘‘सौ.नी फोनवर सांगितलंय मला सगळं.’’

मी खिशातलं बँकेचं लाल पेन काढलं आणि तिन्ही काड्यांच्या खालच्या टोकाशी एकेक खूण केली.